विहिणीनं मागितलेलं झाड

बेसेनबायनं ते झाड स्वतःच्या हातानं मारलं, आणि मारताना बघणाऱ्यांची शाबासकीही घेतली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून कुणी त्याला बिचारा म्हणेल. बिचारा नव्हता तो. तालगार गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी सफरचंदांची सरकारी बाग होती, तिथं कलमं बांधण्यात त्याची उभी हयात गेली होती. कुठला डोळा कुठल्या खुंटावर बसेल हे तो नुसतं बोटानं चाचपून सांगायचा. आजूबाजूच्या गावांत म्हणायचे, बेसेनबायनं वाळकी काठी रोवली तरी तिला पालवी फुटते. आणि झाड जगवायचं कसं हे ज्याला इतकं नेमकं ठाऊक असतं, त्यालाच ते नेमकं मारताही येतं.

झाड म्हणजे शोभेचं रानसफरचंद. पानं तांबूस, कोवळी असताना तर रक्तासारखी. मे महिन्यात असं फुलायचं की फांदी दिसायची नाही, नुसता गर्द गुलाबी ढीग. फळं बोराएवढी, तुरट. पाखरांखेरीज कुणी तोंडात धरायचं नाही. याचं मूळ झाड सरकारी बागेच्या कचेरीपुढं उभं होतं. मग राज्य बदललं, बाग कुणाच्या तरी खिशात गेली, आणि त्या खिशाच्या धन्यानं सगळी झाडं बुलडोझरनं लोळवून तिथं शहरातल्या पैसेवाल्यांसाठी बंगले उठवले. डोंगराकडं तोंड, गावाकडं पाठ. बेसेनबाय काही बुलडोझरपुढं आडवा झाला नाही. कुणीच झालं नाही. त्यानं कचेरीपुढच्या झाडाची एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणली आणि अंगणातल्या खुंटावर बांधली. अख्ख्या बागेतलं त्याच्याकडं उरलं ते एवढंच.

त्याची एकुलती मुलगी काम्शात त्या झाडाबरोबरच वाढली. आळं कसं करायचं, मूळ जिवंत आहे की मेलेलं हे नखानं खरवडून कसं बघायचं, सगळं ती बापाजवळ बसून शिकली. बापलेकींचं गूळपीठ होतं. एकदा बंगलेवाल्यांचा एक दलाल अंगणाची जागा मागायला आला. इकडं पाहुण्याला चहा देतात तो प्याल्याच्या तळाला, घोटभर. संपला की पुन्हा घोटभर. जितक्या वेळा ओतला तितका मान. काठोकाठ भरून दिला की पाहुण्यानं समजायचं: पी आणि नीघ. दलाल बोलत सुटला तसा बेसेनबायनं काम्शातकडं बघून एक डोळा बारीक केला, आणि तिनं प्याला असा भरला की उचलताना दलालाची बोटं भाजली. त्या आठवणीवर दोघं कितीतरी वर्षं हसत होती. "आके, दलाल आला!" एवढं ती म्हणाली की पुरे. आके म्हणजे बाप.

काम्शातचं लग्न ठरलं ते खाली सपाटीवर, इली नदीच्या अंगाच्या एका गावात. मुलगा गालिम तेलाच्या विहिरींवर कामाला. एक महिना तिकडं, एक महिना घरी. त्याचा बाप ओराल्बेक मेंढरांचा माणूस, जाडजूड आणि मोजकं बोलणारा. आई दामेश, ती मात्र दोघांच्या वाटचं बोलायची, आणि बोललेलं विसरायची नाही.

व्याही पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा मे महिना होता आणि झाड ऐन भरात होतं. मेंढीचं डोकं मानानं ओराल्बेकपुढं ठेवलं होतं. घोड्याच्या मांसाच्या चकत्यांचा ताट भरून ढीग होता. घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, कुमीसचे, वाडगे फिरत होते. बेसेनबायला कुमीस थोडी आणि स्वतःची ऐट फार, अशी दोन्ही चढली होती. तो उभा राहिला.

"व्याही! विहीणबाई! मुलगी तर तुम्ही नेताच आहात. आता आणखी काय नेणार ते बोला. या घरातलं काहीही मागा. डोळ्यांत भरेल ते मागा. नाही म्हणणारा बेसेनबाय अजून जन्माला यायचाय!"

भरल्या दस्तरखानावर, म्हणजे मांडल्या जेवणावर, व्याह्यांनी मागितलेलं नाकारायचं नसतं. नाकारलं की सात पिढ्यांची लाज निघते. म्हणून शहाणा माणूस काय द्यायचं ते आधीच ठरवून दाराशी बांधून ठेवतो, आणि व्याहीही शहाणे असले तर तेच मागतात. बेसेनबायनं एक तांबडं शिंगरू खरारा करून कुंपणाला बांधलं होतं. ओराल्बेकनं शिंगराकडं पाहिलंही होतं. पण दामेशची नजर शिंगराच्या पाठीवरून पलीकडं गेली.

"मला ते झाड द्या," ती म्हणाली.

कुणीतरी हसलं. मग दामेशकडं बघून त्यानं हसू आवरलं.

"झाडाला पाय नसतात हो, विहीणबाई," बेसेनबाय म्हणाला. "शिंगरू बघा की. आपल्या पायांनी चालत येईल तुमच्या दारात."

"शिंगरं आमच्याकडं चिक्कार. आमच्या त्या खारट मातीत फूल म्हणजे काट्याच्या झुडपाला येतं तेवढंच. आणि तुम्हीच म्हणालात ना, डोळ्यांत भरेल ते? भरलं."

"अहो, पण आता फुलात आहे. आता हलवलं तर–"

"मग पानगळीनंतर द्या. आम्ही कुठं पळून चाललोय? का तो नाही म्हणणारा बेसेनबाय आत्ताच जन्माला आला म्हणायचं?"

सगळे खदखदून हसले. बेसेनबायची बायको रिस्ती चहा ओतत होती. ती नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "नेऊ दे हो. पोर तिकडं, झाड तिकडं. तेवढीच माहेरची सावली असेल तिला."

"दिलं," बेसेनबाय म्हणाला. तोंडभर हसलासुद्धा. त्याच रात्रीपासून त्याला ते सलत राहिलं. झाड गेलं याचं दुःख त्यात होतं, खोटं कशाला बोला. पण दुःखापेक्षा मोठा होता तो डिवचलेपणा. चारचौघांत एका बाईनं त्याला त्याच्याच बढाईत बांधून घातलं होतं. आधी बंगलेवाल्यांनी बाग नेली, त्यांच्यापुढं ब्र काढता आला नव्हता. आता ही बाई. मोठ्या चोरांवरचा राग लहान माणसावर काढायची खोड जगात सगळ्यांनाच आहे. बेसेनबायनं ती उन्हाळाभर पोसली.

लग्न झालं. पानगळ झाली. ओराल्बेक आपल्या दोन पुतण्यांना घेऊन ट्रकसह दारात आला. झाड काढायला याहून चांगला मोसम नव्हता. माती ओली, रस खाली उतरलेला. दोन्ही हातांच्या कवेत मावणार नाही एवढा मातीचा गोळा मुळांसकट उचलायचा, बारीक मुळांना धक्का लावायचा नाही. पाणी पितात ती बारीक मुळं, जाडी नुसती धरून ठेवतात. बेसेनबायनं हे शेकडो माणसांना शिकवलं होतं.

"खड्ड्यात कुणी उतरू नका," तो म्हणाला. "मुळं तुडवाल."

कुंपणावर शेजारी जमले होते. बेसेनबायनं आधी फांदीवर उत्तरेच्या बाजूला एक लाल चिंधी बांधली. "ही बाजू तिकडंही उत्तरेलाच आली पाहिजे. नाहीतर सालीला ऊन लागून ती तडकते. ध्यानात ठेवा, व्याही." कुंपणावरच्या माना डोलल्या. बघा, याला म्हणतात जाणकार.

मग तो कमरेइतक्या खड्ड्यात उतरला आणि कुऱ्हाड घेऊन त्यानं मुळं बुंध्यापासून तोडली. सोटमूळ तोडलं, बाजूची जाडी मुळं तोडली, एकेक, तिरपी, स्वच्छ. वरून बघणाऱ्यांना कुऱ्हाड खालीवर होताना दिसत होती, एवढंच. पाणी पिणारी सगळी मुळं खड्ड्यातच राहिली. उरलेल्या थोट्याभोवती त्यानं ओली चिकणमाती थापून मोठा सुबक गोळा केला, गोणपाट गुंडाळलं आणि दाभणानं सुतळीची घट्ट शिवण घातली.

"गोणपाट काढायचं नाही," त्यानं बजावलं. "तसंच लावायचं. मातीत आपोआप कुजतं."

पुतण्यांनी झाड उचललं. ओराल्बेकनं खालून हात दिला. "हलकं आहे हो, व्याही."

"कामाचा हात असला की हलकंच लागतं."

कुंपणावरून कुणीतरी शाबास म्हणालं. बेसेनबायनं मान तुकवून ती शाबासकी घेतली. मनात हिशेब चोख होता: द्यायचं म्हणालो, दिलं. जगेल असं कुठं म्हणालो होतो? सपाटीवरची थंडी वाईट. झाड हिवाळ्यात मरेल, थंडीच्या नावावर खपेल. लावल्यावर त्याला पाणी कोण घालणार, हा विचार त्याच्या डोक्यात आला नाही. त्याला झाडाचं सगळं कळायचं. घरात आलेल्या नव्या सुनेच्या वाट्याला काय काय येतं, याचा विचार करायची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

पण झाड हिवाळ्यात मेलं नाही. मे महिन्यात दामेशचा फोन आला.

"व्याही! फुललंय! अख्खं गाव बघायला येतंय. लोक खाली उभे राहून फोटो काढतायत. तुमच्या हाताला काय म्हणावं!"

"बरं झालं," बेसेनबाय म्हणाला, आणि त्याचे कान तापले. त्याला ठाऊक होतं. खोडात गेल्या सालचा रस साठलेला होता, त्यावर ते फुललं होतं. ती शिदोरी संपली की खाली तोंडच नव्हतं.

जूनमध्ये पानं वळायला लागली. दामेशनं पुन्हा फोन केला, या वेळी हळू आवाजात. येऊन बघून जा म्हणाली.

तो एकटा गेला. अंगणात चार शेजारणी आधीच उभ्या होत्या. काम्शात पाण्याच्या पाटावरून दोन बादल्या भरून घेऊन आली. उन्हानं ती काळवंडली होती, बादलीच्या कड्यांनी तळहातांना घट्टे पडले होते. तिनं वाकून बापाला सलाम केला आणि बादल्या खाली ठेवून बाजूला उभी राहिली.

"सकाळ-संध्याकाळ घालते म्हणते पाणी," दामेश म्हणाली. "मी काय तिच्या मागं मागं फिरत नाही. व्याही, तुमचा हात सगळ्या मुलखाला माहीत. तुम्ही लावलेलं मरत नाही. मग तुम्हीच सांगा, चुकलं कुठं?"

बेसेनबाय गुडघ्यांवर बसला. त्यानं चिमूटभर माती घेतली. माती हवी तशी ओली होती, ना चिखल ना कोरडी. आळं गोल, काठ चोपलेला, बुंध्याजवळ उंचवटा, म्हणजे पाणी सालीला लागू नये. त्यानं शिकवलं होतं तसं, तंतोतंत. त्याहून नीट. लाल चिंधी अजून उत्तरेलाच होती.

त्यानं मान वर केली. शेजारणी बघत होत्या. दामेश बघत होती. आणि काम्शात सरळ त्याच्या डोळ्यांत बघत होती, एकटक. त्याला वाटलं, पोर विनवतेय, मला वाचवा म्हणून.

एक वाक्य बोलायचं होतं. त्यानं तोंड उघडलं. मग त्याला कुंपणावरच्या त्या डोलणाऱ्या माना आठवल्या, शाबास आठवलं, आणि तो म्हणाला, "पाणी... कमी पडलं असावं."

काम्शातनं डोळे खाली केले. बादल्या उचलल्या. भरलेल्या होत्या तरी ती तशीच पाटाकडं गेली.

"ऐकलंत?" दामेश कुणाकडंच न बघता म्हणाली.

"असतो एकेकीचा हात कोरडा," एक म्हातारी शेजारीण म्हणाली. "माझी मधली सून अशीच. पीठ मळलं की फुगायचं नाही, दूध विरजलं की नासायचं. बिचारीचा दोष नाही त्यात. हातच तसा."

"आणि जिच्या हातचं झाड धरत नाही," दुसरी म्हणाली, "तिच्या पोटात तरी..." आणि तिनं वाक्य सोडून दिलं. अशी वाक्यं पुरी करायची नसतात. ती आपापली पुरी होतात.

बेसेनबाय चहाला थांबला नाही. घरी रिस्तीला म्हणाला, तिकडची मातीच खराब.

त्यानंतरचं रिस्तीला फोनवर थोडं थोडं कळत गेलं. काम्शात सांगायची नाही. खोदून विचारावं लागायचं. दामेश तिला घालूनपाडून बोलत नव्हती, तेवढी ती दुष्ट नव्हती. ती नुसतं म्हणायची, "राहू दे, मी करते." पिठाला हात लावला की राहू दे. दूध विरजायला घेतलं की राहू दे. टोमॅटोची रोपं लावायची वेळ आली तेव्हा शेजारची पोरगी बोलावली, आणि काम्शातला सांगितलं, तू जरा बस. ज्या घरात सून बसून राहते, त्या घरात ती सून नसते, पाहुणी असते. आणि पाहुणी कधीतरी जायची असते.

या मुलखात लाज हा शब्द दिवसातून जितक्या वेळा बोलला जातो तितक्या वेळा देवाचं नावही घेतलं जात नाही. मोठ्यानं हसू नको, लाज. उंबऱ्यावर बसू नको, लाज. आणि ही लाज निर्माण करतात पुरुष, ऐटीत, कुमीस पिऊन, चारचौघांत. आणि दोन्ही हातांनी पाटावरून वाहून आणायची ती पोरींनी. बेसेनबायला हे कधी सुचलं नव्हतं. आता रोज सुचत होतं, आणि सुचूनही तो गप्प होता. अंगणात जिथं झाड होतं तिथला खड्डा त्यानं बुजवला नव्हता. येता-जाता त्याला वळसा घालायचा.

ऑगस्टात दामेशचा निरोप आला. गालिम कामावर आहे, मुलीला थोडे दिवस माहेरी घेऊन जा, तिलाही बदल होईल. थोडे दिवस. लग्नाला वर्ष झालं नाही तोवर सून थोड्या दिवसांसाठी माहेरी पाठवली, म्हणजे काय, ते कुणाला समजावून सांगायला लागत नाही.

रिस्ती स्वयंपाकघरात पिठाचे गोळे, बाउरसाक, तळत होती, व्याह्यांकडं रिकाम्या हातानं जायचं नसतं म्हणून. तळता तळता रडत होती.

"माझ्या पोरीच्या हातानं आजवर एक काडी मेली नाही," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत ना तिला? मग सांगा ना मला, चुकलं कुठं?"

तोच प्रश्न. बेसेनबाय म्हणाला, "तेल तापलंय जास्त. करपतील."

व्याह्यांच्या दारात काम्शातची बॅग भरून ठेवलेली होती. नवीकोरी, लग्नातली. आत दस्तरखान मांडला होता. मागं बोललेल्या त्या दोघी शेजारणीही होत्या, साक्षीला म्हणा. काम्शात समोवारापाशी, चहाच्या पाण्याच्या बंबापाशी, बसली होती. तेवढं काम अजून तिच्याकडं होतं, ओतायचं.

"बसा, व्याही," ओराल्बेक म्हणाला.

"मी कुणाला दोष देत नाही," दामेशनं सुरुवात केली. "पोरगी गुणाची आहे. पण एकेकाचं असतं, एकेका जागेला माणूस मानवत नाही. थोडे दिवस जाऊ देत–"

"फावडं द्या," बेसेनबाय म्हणाला.

"काय?"

"फावडं. असेल ना घरात?"

रिस्तीनं त्याच्या बाहीला धरलं. "अहो, हे काय? बसा. लाज–"

"तीच काढायला चाललोय," तो म्हणाला, आणि बाहेर गेला. कुंपणाला टेकलेलं फावडं त्यानं स्वतःच घेतलं. सगळे मागून अंगणात आले.

झाड उभं होतं. पानं वाळून फांद्यांना चिकटलेली, तांब्याच्या गंजासारखी. आळं अजून ओलं होतं. म्हणजे अजूनही, मेलेल्या झाडाला, बॅग भरून झाल्यावरही, कुणीतरी पाणी घातलं होतं.

"मेल्याला काय उकरताय, व्याही?" दामेश म्हणाली. "चुलीला घालू हिवाळ्यात."

त्यानं फावडं घातलं. खणायला फारसं लागलंच नाही. बुंधा धरून हिसडा दिला, आणि सगळं झाड गोळ्यासकट कलंडलं. खाली जमिनीत त्याचं काहीच अडकलेलं नव्हतं. गोणपाट काळं पडून अर्धं कुजलं होतं. त्यानं खिशातला कलमाचा चाकू काढला, शिवण शोधायला हात फिरवला, आणि हात जागीच थांबला.

एका बाजूला त्याची सुतळीची शिवण नव्हती. तिथं निळी लोकर होती. बारीक, सारखे टाके, आपल्या माणसाचं फाटकं झाकावं तसे घातलेले.

"ही तर माझी लोकर," दामेश पुटपुटली. "मोज्यांची."

बेसेनबायनं वर पाहिलं. काम्शात दारात उभी होती.

"कधी उघडलंस?" त्यानं विचारलं.

"तुम्ही बघायला आलात ना, आके. त्याच्या आदल्या दिवशी."

"मग मी... पाणी कमी पडलं म्हणालो, तेव्हा तुला..."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते," काम्शात म्हणाली. आवाज चढला नव्हता, रडवेलाही नव्हता. "त्या दिवशी नाही बोललात. म्हटलं, पुढच्या वेळी बोलाल."

म्हणजे ती विनवत नव्हती. ती वाट बघत होती. बेसेनबायला आपल्या अंगावरचा सदरा कुणी ओढून काढल्यासारखं झालं. त्यानं निळे टाके कापले नाहीत. सुतळीच्या बाजूनं चाकू घातला, गोणपाट फाडलं, आणि माती हातानं फोडली. थोटं बाहेर आलं. तिरपे, स्वच्छ घाव. काळे पडलेले, पण कुऱ्हाडीचे. ते ओळखायला माळी असावं लागत नव्हतं.

"मी तोडली," तो म्हणाला. "काढतानाच. झाड द्यायचं नव्हतं, आणि नाही म्हणायचं धाडस नव्हतं. पाणी चांगलं घातलं होतं तिनं. याहून चांगलं कुणी घालत नाही. हात माझा कोरडा."

म्हाताऱ्या शेजारणीनं डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाशी चाळा केला आणि दुसरीकडं बघितलं. ओराल्बेकनं वाकून थोट्यावर हात फिरवला.

"म्हणून हलकं लागलं," अखेर ओराल्बेक म्हणाला, कुणाला म्हणून नाही.

"नाही म्हणायचं होतं की, व्याही," दामेश म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा धारदार निघायला हवा होता, निघाला नाही. "एवढंसं तोंड हलवायचं होतं. मी चार टोमणे मारले असते आणि शिंगरू घेऊन गेले असते. तुम्ही झाड मारलंत ते मारलंत. पण मला माझ्या सुनेच्या..." ती थांबली. तिनंही काही वाक्यं पुरी केली नव्हती, शेजारणींना पुरी करू दिली होती. ते तिला आता दिसत असावं, कारण ती काम्शातकडं बघू शकली नाही. दाराशी जाऊन तिनं बॅग उचलली. जड होती. तिनं ती ओढतच आत नेली.

आतून तिचा आवाज आला. "संध्याकाळचं पीठ भिजवायचं राहिलंय, सूनबाई. माझा खांदा दुखतोय. तूच बघ."

"बघते, आपा," काम्शात सासूला म्हणाली.

सगळे पुन्हा दस्तरखानाभोवती बसले. व्याह्यांनी अंगणातून तसंच निघून जायचं नसतं. बेसेनबाय दाराजवळ, सगळ्यांत खालच्या जागेवर बसला. हाताला मातीचे डाग होते, ते धुवायला कुणी पाणी पुढं केलं नाही, आणि त्यानं मागितलं नाही. रिस्ती त्याच्याकडं पाठ करून बसली.

काम्शातनं चहा ओतायला घेतला. आधी सासऱ्याला, घोटभर. मग सासूला, घोटभर; दामेशनं प्याला घेताना सुनेच्या हाताला हात लावला. मग आईला. शेजारणींनासुद्धा घोटभर, दोन्ही हातांनी, मान लववून.

मग तिनं बापाचा प्याला घेतला. दूध घातलं. चहा घातला. समोवाराची तोटी सोडली आणि सोडूनच ठेवली. बेसेनबाय बघत होता. पाणी अर्ध्यावर आलं, वर आलं, काठाला आलं, काठावर फुगून थरथरलं. तेव्हा तिनं तोटी बंद केली.

तिनं प्याला दोन्ही हातांनी, अदबीनं, त्याच्यापुढं ठेवला. डोळा बारीक केला नाही. हसली नाही.

"घ्या, आके."

त्यानं तो उचलला. बोटं भाजली. त्यानं प्याला खाली ठेवला नाही.